मास्तरांची खिंड

भिंगारमध्ये गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्यांची लग्नं झाली त्यांनी आपापले अल्बम काढून बघावेत. वरातीच्या पानावर, घोड्याच्या पुढे, दोन टम्म फुगलेले गाल दिसतील. गालांच्या मध्ये ट्रंपेट, वर लाल टोपी, खाली सोनेरी झालरीचा लाल कोट. ते आमचे बँडमास्तर. शेकडो घरांत त्यांचे फोटो आहेत, पण मास्तर दिसायला नेमके कसे होते हे त्यातल्या एकाही फोटोवरून सांगता यायचं नाही.

मी तिथल्या एका मंगल कार्यालयाची व्यवस्था बघायचे. व्यवस्था बघणं म्हणजे याद्या करणं. पातेल्यांची यादी, गाद्यांची यादी, वरपक्षाच्या खोलीतले आरसे, आणि कोणत्या मामांना कोणत्या मामांशेजारी बसवायचं नाही याचीही यादी. कागदावरच्या सगळ्या ओळींपुढे बरोबरची खूण व्हायची. एकच ओळ शेवटपर्यंत मोकळी राहायची, ती बँडची. मास्तर कुठल्याच यादीत बसणारे नव्हते.

लग्नाच्या दिवशी ते सकाळपासून बोलत नसत. बोललं की ओठ सैल पडतात, असं त्यांचं शास्त्र. मी फोन केला की पलीकडून ट्रंपेटच बोलायचं. एक सूर म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

“मास्तर, निघालात का?”

पूं.

“सगळी माणसं आहेत ना बरोबर?”

पूं पूं.

“कोण नाही?”

 मग एक लांबलचक, खाली खाली घसरत जाणारा सूर. तो ढोलवाल्याचा, हे मला अनुभवानं कळायला लागलं. ढोलवाला झोपलेला असायचा.

वरातीआधी ओठांना साजूक तूप. तिखट वर्ज्य. सगळ्या पंगती उठल्यावर ते मागच्या पायरीवर जेवायला बसायचे, आणि पहिला घास घेण्याआधी मठ्ठ्याच्या वाटीत ओठ बुडवून बराच वेळ गप्प राहायचे. नव्या वाढप्यांना वाटायचं, म्हातारा वाटीत तोंड घालून झोपला. डीजेवाल्यांशी त्यांचं वैर नव्हतं. एवढंच म्हणायचे, “त्यांचं काय, लाईट गेली की वरात गेली. आमची दम गेल्यावर जाती.”

आता दातांकडे येते, कारण सांगायचं आहे ते दातांचं.

मास्तरांच्या वरच्या पुढच्या दोन दातांत ज्वारीचा दाणा आडवा बसेल एवढी फट होती. तिला ते खिंड म्हणायचे. “ह्या खिंडीतनं वारा सरळ जातो ताई. न्हाईतर करंजी घाटासारखी वळनं घेत बसला असता.” दातांचा पिवळेपणा चहाचा होता. त्यावरच्या तपकिरी रेघा लहानपणी प्यायलेल्या हापशाच्या पाण्याच्या. त्यांचं गाव पाथर्डीच्या पलीकडे, कोरड्या भागात. “आमच्याकडं दातावर रेघ नसली तर पोरगं भाईरचं समजत्यात,” हेही त्यांचंच. एकूण, स्वतःच्या दातांविषयी त्यांची काही तक्रार नव्हती. दात हे ट्रंपेटच्या मागे असतात. मागचं कोण बघतो?

आणखी एक रिवाज सांगायला हवा. आषाढात लग्नतिथी संपल्या की मास्तर ट्रंपेट पुसून, तेल देऊन, बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवायचे. ते थेट तुळशीच्या लग्नाला बाहेर निघायचं. चार महिने त्याला ओठ लावायचे नाहीत. कुणी गणपतीत वाजवायला बोलावलं तर सांगायचे, “देवबी झोपलाय, तेबी झोपलंय. उठल्यावर बगू.” त्या चार महिन्यांत ते ट्रंपेटचं नावसुद्धा काढत नसत. विषय निघाला तर ओठांवर बोट ठेवायचे, झोपलेलं बाळ जागं होईल असं.

अशात आमच्या कार्यालयासमोर दातांचा दवाखाना सुरू झाला. डॉक्टर तरुण, हुशार, बोलायला गोड. पहिल्याच आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या. लग्न ठरलं की लोक केस करतात, चेहरा करतात, मग दात का नाही, असा त्यांचा सवाल होता. मला पटलं. मी माझ्या यादीत एक ओळ वाढवली: दात.

पहिलं गिऱ्हाईक एक नवरदेव. बिचाऱ्यानं हळदीच्या दिवशीच सकाळी दात पांढरे करून घेतले. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन दिवस चहा नाही, हळद नाही, रंगाचं काही तोंडात जाता कामा नये. पण भिंगारची हळद ही गालाला बोट लावून थांबणारी नसते. मित्रांनी धरून त्याच्या तोंडात मूठभर हळद कोंबली. दुसऱ्या दिवशी अक्षतांच्या वेळी हा हसला की पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. तेव्हापासून माझ्या यादीत त्या ओळीखाली लाल रेघ आहे: दात हळदीच्या आधी पुष्कळ दिवस.

मग मास्तरांच्या पल्लवीचं लग्न ठरलं. पल्लवी त्यांची एकुलती एक, पुण्यात एका कंपनीत नोकरीला. लग्न आमच्याच कार्यालयात, तुळशीच्या लग्नानंतर लगेचच्या तिथीला. ती हॉल बघायला आली तेव्हा माझ्या टेबलासमोर बसून म्हणाली, “मावशी, तुमच्या यादीत माझी एक गोष्ट लिहा. त्या दिवशी पप्पा वाजवणार नाहीत. मंडपात उभे राहतील, बापासारखे. आणि मला त्यांच्याबरोबर एक फोटो पाहिजे. तोंडाला काहीही न लावलेला. हसताना.”

“एवढंच?”

“एवढंच काय मावशी! माझ्याकडे तसा एकपण फोटो नाही. माझ्या बारशाच्या फोटोतपण गालच आहेत.”

मी लिहून घेतलं. मास्तर बाजूलाच उभे होते. लेक गेल्यावर ते खुर्ची ओढून बसले.

“ताई, हसायचं म्हन्ती.”

“मग हसा की.”

“तुमी माझे दात बगितले का कवा? नीट?” आणि त्यांनी ओठ वर करून दाखवले. मी ताबडतोब त्यांना घेऊन रस्ता ओलांडला.

डॉक्टरांनी रंगांची पट्टी काढली. छोट्या खोट्या दातांची रांग, पांढऱ्याशुभ्रापासून मळकटापर्यंत. भिंतीचा रंग निवडावा तसं मास्तरांनी पहिल्याच दातावर बोट ठेवलं.

“ह्यो द्या.”

“काका, हा फार पांढरा होईल. तुमच्या चेहऱ्याला खोटा दिसेल. जरा खाली येऊ या.”

“वरातीच्या घोड्याचे बगा, केवढे पांढरे असत्यात.”

“घोडा चहा पीत नाही, काका.”

हे त्यांना पटलं. रेघा पूर्ण जाणार नाहीत, फिकट होतील, हेही त्यांनी मान्य केलं. मग खिंडीचा विषय निघाला.

“तारा लावल्या तर फट हळूहळू बुजेल,” डॉक्टर म्हणाल्या, “पण वेळ लागेल. वर्षभर, जास्तसुद्धा.”

“तवर नात व्हईल मला.”

“मग दात थोडे घासून वर पातळ पापुद्रे बसवता येतात. नाहीतर पूर्ण टोप्या.”

“घासून? माझे?” मास्तर खुर्चीतच उठून बसले. “टोपी डोक्यावर हाय तेवढी बास झाली.”

“बरं, मग तिसरं. दात घासायचेच नाहीत. दोन्ही कडांवर दाताच्या रंगाचा मसाला चढवायचा आणि फट भरायची. थोडं कमी टिकतं, पण दात शाबूत राहतात.”

“मसाला,” मास्तर मागे टेकले. “ह्यो चालंल.”

क्रम मी लिहून घेतला. आधी साफसफाई, मग ब्लीच, मग रंग बसेपर्यंत थांबायचं आणि शेवटी नव्या रंगाला जुळवून मसाला. मसाल्यावर ब्लीच चढत नाही. उलटं केलं तर ठिगळ दिसतं. दात शिवशिवले तर काय करायचं, उसाचं कांडं कसं खायचं, खारीक चालेल का, सगळं मी विचारलं. ट्रंपेट मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते लुगड्यात झोपलेलं होतं.

ब्लीचनंतरचे दोन दिवस मास्तरांच्या घरी गाजले. पांढरं खायचं असा हुकूम होता. मास्तरांची बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. “दहीभात, दूधभात, परत दहीभात. बिगर हळदीचं कालवन केलं तर शेजारीन इचारती, सुतक हाय का व घरात?” मास्तर गल्लीतून जाताना वारा लागून दात शिवशिवू नयेत म्हणून उपरणं तोंडाला बांधून हिंडायचे. त्यामुळे सुतकाची बातमी आणखी पक्की झाली. दोघंजण भेटायला येऊन गेले.

दिवाळीच्या आधी खिंड भरली. माणूस दहा वर्षांनी लहान दिसायला लागला, हे मी कार्यालयाच्या कामात न शोभणाऱ्या मोकळेपणानं लिहिते. अडचण वेगळीच निघाली. मास्तरांना हसता येत नव्हतं. “हसा” म्हटलं की गाल आपोआप फुगायचे. इतक्या वर्षांची सवय, कॅमेरा दिसला की हवा भरायची. मग त्यांनी रियाज सुरू केला. कार्यालयातल्या घासलेल्या परातीत बघून ते ओठ ताणायचे, गाल बोटांनी आत दाबायचे. वाढपी पोटं धरून हसायचे. भाजी बाजारात तर त्यांनी अनोळखी माणसांवर सराव केला. पल्लवीला व्हिडिओवर दात दाखवले, तेव्हा ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की काकूंच्या हातातला फोन पडला. “पप्पा, हिरो दिसताय!”

तुळशीच्या लग्नाला रिवाजाप्रमाणे आमच्या अंगणातल्या वृंदावनाशेजारी मास्तरांनी लुगडं सोडलं. ऊस उभा केलेला, बोरं-आवळे मांडलेले, मंगलाष्टकं संपलेली. मोसमाचा पहिला सूर त्यांचा, मग बाकीच्यांनी उचलायचं. त्यांनी डोळे मिटले, छाती भरली, फुंकलं.

फुस्स.

सायकलच्या पंपाला सर्दी झाली तर जसा आवाज येईल तसा. मास्तरांनी ट्रंपेट उलटं करून झटकलं. आत झुरळ असेल म्हणून एक डोळा लावून बघितलं. पुन्हा फुंकलं. अर्धा सूर, अर्धी हवा, आणि शेवटी एक केविलवाणी किंकाळी. मग त्यांची जीभ पुढच्या दातांमागे गेली आणि तिथंच थांबली. मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं.

काकू शांतपणे म्हणाल्या, “घोरताना शिट्टी वाजायची ती बंद झाली, तवाच माझ्या मनात आलं हुतं.”

“मग बोलली का न्हाईस?”

“झोप लागत हुती मला. कशाला बोलू?”

मी म्हटलं, मास्तर, डॉक्टर समोरच आहेत, उद्या काढून टाकू. त्यांनी ट्रंपेट पुन्हा लुगड्यात गुंडाळलं. “काढायचं तर हायेच ताई, त्याबिगर मोसम कसा व्हायचा? पन पल्लीचं लगीन हुऊ द्या. फोटो हुऊ द्या. त्या दिवशी मला वाजवायचं न्हाईच. लगीन झालं की दुसऱ्या दिवशी खुर्चीत.” मी तशी ओळ लिहिली. पाठवणीला क्लॅरिनेटवाला वाजवेल असंही ठरलं.

लग्नाच्या दिवशी मास्तर मोतिया रंगाच्या सफारीत आणि गुलाबी फेट्यात आले, आणि कार्यालयात पाय ठेवल्यापासून बोलायला लागले. त्यांना लग्नात बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. ते व्याह्यांशी बोलले, भटजींशी बोलले, घोड्याशी बोलले. वरातीला आपल्याच बँडच्या पुढे उभं राहून त्यांनी ढोलवाल्याला जागं असल्याबद्दल शाबासकी दिली. हात मात्र कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. कधी पाठीमागे, कधी खिशात. मधेच हवेतल्या हवेत तीन बोटं हलायची.

फोटो उत्तम झाला. पल्लवीनं फोटोग्राफरच्या मागे लागून काढून घेतला. बाप-लेक शेजारी, मास्तरांचे दात एकसारखे, गाल जागच्या जागी. पल्लवीनं लगेच कॅमेऱ्यात बघितला आणि बराच वेळ बघतच राहिली. “आता मला काही नको,” म्हणाली.

मी त्या ओळीपुढे खूण केली आणि ऑफिसात येऊन संध्याकाळी दुसऱ्याच पार्टीचं रिसेप्शन होतं, त्याच्या कागदाकडे वळले. बाहेर पंगती चालू होत्या. पाठवणी चार वाजता. दार लोटून मास्तर आत आले आणि त्यांनी कडी लावली.

“ताई, मला जमायचं न्हाई.”

“काय?”

“पाठवनी.” ते बसले नाहीत. “आजवर किती पोरी वाटंला लावल्या. आया रडायच्या, बाप रडायचे, वाढपीबी रडायचे. मी कवाच न्हाई. लोक म्हनायचे, मास्तर कठीन काळजाचा. कठीन कशाचा? तोंड कामात असायचं. रडायला ओठ मोकळे लागत्यात, ताई. आज रिकाम्या तोंडानं, रिकाम्या हातानं हुबा राहिलो तर मी हंबरडा फोडीन. पल्ली ते बघून गाडीत बसायची न्हाई. मी तिला वळखतो.” मग थांबून, अगदी व्यवहाराच्या आवाजात, “फोटो झाला ना?”

“झाला.”

“मग उघडा खिंड.”

अशा वेळी मी चर्चा करत नाही. डॉक्टर दुसऱ्या पंगतीत होत्या, ताटात जिलबी. मी त्यांच्या कानात म्हटलं, “हात धुवा.” दोन मिनिटांत आम्ही रस्त्यापलीकडे होतो. पैठणीवर अ‍ॅप्रन चढला. खुर्चीत फेटा मावेना, तो मी मांडीवर घेतला.

“काका, दात घासले नव्हते म्हणून हे जमतंय बरं का,” डॉक्टर दिवा ओढत म्हणाल्या. “टोप्या घातल्या असत्या तर आज माझ्या हातात काही नव्हतं. थोडं ठेवू का? अर्धी फट?”

“पार मोकळी करा.”

“माझं काम इतकं छान झालं होतं हो.”

“काम एक नंबर. पल्लीला इचारा. पन लौकर.”

यंत्र घूं घूं करायला लागलं. मास्तरांच्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर दाबत होती, उचलत होती, दाबत होती. सूर आत चालू झाला होता. काम झाल्यावर डॉक्टरांनी आरसा पुढे केला. त्यांनी तो बघितलाच नाही. ओठ आवळून हवा सोडली. फटीतून बारीक, सरळ शीळ निघाली.

“आला वारा,” ते म्हणाले आणि फेटा मागितला.

परत येताना त्यांना ट्रंपेट घरी असल्याचं आठवलं आणि ते रस्त्याच्या मधोमध थांबले. समोरून एस.टी. हॉर्न वाजवत होती. मी त्यांना दंडाला धरून आत आणलं. मंडपाच्या दारात काकू आहेराच्या साड्यांची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी वरच्या दोन साड्या बाजूला केल्या आणि लुगड्यात गुंडाळलेलं ट्रंपेट काढून नवऱ्याच्या हातात दिलं. दातांकडे एकदा बघितलं. “आता ऱ्हातीया मी परत जागी,” एवढंच बोलून पोरीकडे गेल्या.

चार वाजता पल्लवी फाटकाशी आली. आईच्या गळ्यात पडली, मावश्यांच्या पडली, माझ्याही पडली. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, “पप्पा कुठंयत?”

तेव्हा फाटकाच्या खांबाजवळून पहिला सूर निघाला. पाठवणीला ते नेहमी वाजवायचे तीच संथ चाल, त्यांची स्वतःची. चार महिन्यांच्या झोपेनं थोडी जड होती, पहिल्या ओळीत एकदा घसरलीही, पण सरळ होती. पल्लवी वळली. गुलाबी फेटा, मोतिया सफारी, दोन टम्म गाल आणि मिटलेले डोळे.

“मी वाजवू नका म्हटलं होतं ना!” ती ओरडली. ओरडता ओरडता हसायला लागली, हसता हसता डोळ्यांतून पाणी. ती त्यांच्याजवळ गेली, कलता फेटा सरळ केला, त्यांच्या फुगलेल्या गालावर आपला गाल क्षणभर टेकवला. मास्तरांचा सूर हलला नाही. मग ती मुकाट गाडीत बसली. नवरदेव दुसऱ्या बाजूनं चढला. दार लागलं.

क्लॅरिनेटवाला थांबला. ढोलवाला थांबला. पाहुणे चपला शोधायला लागले. मास्तर वाजवतच राहिले. माझ्या कागदावर साडेचार ते सहा रिसेप्शनची सजावट होती. डेकोरेटर फुलांचा टेम्पो फाटकात आडवा घालून, मनगटावर बोट आपटत मला घड्याळ दाखवत होता. मी त्याला हातानंच थांबवलं.

बऱ्याच वेळानं मास्तरांनी ट्रंपेट ओठांपासून बोटभर खाली घेतलं. डोळे उघडले नाहीत.

“ताई, गेली का गाडी?”

मी रस्त्याकडे बघितलं. गाडी केव्हाच वळणापलीकडे दिसेनाशी झाली होती.

“नाही अजून,” मी म्हटलं. “वाजवा.”